उतारा मिटा, आता सांगा

पहाटे साडेपाच. जानेवारीची थंडी. शाल पांघरून, चहाचा कप बाजूला ठेवून मी शिकवणीसाठी आजचा उतारा लिहायला बसते. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण आहेत, भाषाभ्यासाला १६. गाइडमधले उतारे पोरांना पाठ असतात, म्हणून मी माझेच लिहिते. आजचा विषय आमच्या नागपुरातला २३ सप्टेंबर २०२३ चा पूर. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, ओसंडलेला अंबाझरी तलाव, घरांत शिरलेलं पाणी, मोर भवन बसस्थानकात बुडालेल्या बसगाड्या.

साडेसहा. महालातल्या आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर अकरा जण. प्रश्न दिला : ‘लोकांना सामान हलवायला वेळ का मिळाला नाही?’ नऊ वह्यांत एकच उत्तर, ‘तलाव ओसंडून वाहू लागला.’ ओळ जशीच्या तशी उतरवलेली. पोरांचा दोष नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ लिहून मोकळं व्हायचं, हेच त्यांना लहानपणापासून जमलं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच एका ओळीत नाही.

“कागद पालथा करा. आता सांगा.”

बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून आवाज आला, “सारे झोपून होते नं मॅडम. अंधारात पाणी आलं, कोणाले काय मालूम?”

हेच आकलन. पहिल्या ओळीतली रात्रीची वेळ आणि चौथ्या ओळीतलं पाणी त्यानं स्वतः जोडलं. मी म्हटलं, आता हेच लिही.

आठला ते शाळेत जातात, मी स्वयंपाकाला लागते.

दुपारी दोन. वह्या. ‘मी पुस्तक वाचून राहिलो.’ इथे लाल रेघ मारणं फार सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. शंका आली की मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढते. पण या वाक्यासाठी त्याचीही गरज नाही. ते घरच्या बोलीच्या नियमानंच चालतं.

साडेचार. सातवीची मुलं, गृहपाठ प्रयोगांचा. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलगी काय म्हणेल? “वाचून राहिली.” पुस्तकाऐवजी पोथी घेतली तर? “तरी राहिलीच.” म्हणजे क्रियापद कर्त्याच्या मागे गेलं : कर्तरी. आता ‘आईनं भाकरी भाजली.’ भाकरीच्या जागी पापड? “भाजला.” आणि आईच्या जागी बाबा? “भाजलाच राहते.” मग हा कर्मणी. व्याख्या शेवटी लिहून दिली, तेव्हा कुणाला ती नवी वाटली नाही. घरच्या ‘मले’मधला ‘ले’ म्हणजे ‘मला’मधला ‘ला’च, हेही त्यांनीच शोधलं. पेपरात ‘वाचत आहे’, ‘मला’ असं लिहायचं, हे मी बजावतेच. घरची भाषा चुकीची आहे, असं मात्र कधीच म्हणत नाही. तसं ऐकलेलं पोरगं वर्गात तोंड उघडत नाही.

सात ते साडेआठ पुन्हा दहावी, पत्रलेखन.

साडेनऊ. एका आईचा फोन : “मॅडम, आणखी एक तास वाढवता का जी?” मी नाही म्हटलं. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. रोज रात्री पोराला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचू द्या, मग पेपर मिटा आणि विचारा, काय झालं? त्याच्या भाषेत सांगू द्या. मधे टोकू नका.