देहविक्रय आणि कायदा : बंदी कशाला, मुभा कशाला?

गोदावरीच्या काठी वसलेल्या नाशिक नगरीच्या जुन्या भागात देवालये आणि शाळा एकमेकींच्या इतक्या निकट आहेत की, प्रत्येक वास्तूभोवती दोनशे मीटरांचे वर्तुळ काढल्यास मोकळी जागा फारच थोडी उरेल. ही मोजणी निरर्थक नाही. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 च्या कलम 7 नुसार सार्वजनिक पूजास्थान, शैक्षणिक संस्था, वसतिगृह वा रुग्णालय यांपासून दोनशे मीटरांच्या आत देहविक्रय करणे हा अपराध असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही शिक्षा स्त्रीला आणि तिच्याकडे येणाऱ्या पुरुषालाही लागू होते. मात्र प्रौढ स्त्रीने स्वतःपुरता केलेला देहविक्रय या अधिनियमाने सरसकट अपराध ठरविलेला नाही. म्हणजे ज्यास बंदी नाही, ते करण्यास जुन्या शहरात जागाही नाही!

या विसंगतीचे मूळ अधिनियमाच्या हेतूत आहे. 9 मे 1950 रोजी न्यूयॉर्क येथे स्वाक्षरी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून हा कायदा झाला. स्त्री ही पीडित आणि तिचा व्यापार करणारा तो अपराधी, हे त्यामागील सूत्र होय. म्हणूनच कुंटणखाना चालविणे, फूस लावून या व्यवसायात आणणे, डांबून ठेवणे यांना शिक्षा सांगितली आहे. त्याविषयी कोणाचेही दुमत नाही. वाद आहे तो इतर कलमांविषयी. कलम 8 अन्वये सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या स्त्रीला पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तोच अपराध पुरुषाने केल्यास कमाल मर्यादा तीन महिन्यांची आहे. पीडित मानलेल्या व्यक्तीस अधिक शिक्षा कशी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीस कलम 4 लागू होते. दलालासाठी योजलेल्या या कलमाच्या शब्दांत आईच्या कमाईवर महाविद्यालयात शिकणारा मुलगाही सापडू शकतो.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. स्वीडनने 1999 पासून केवळ ग्राहकास अपराधी ठरविले. न्यूझीलंडने 2003 मध्ये हा व्यवसाय फौजदारी कायद्याच्या कक्षेबाहेर काढला. महाराष्ट्रातही दोन्ही विचारांना अनुभवाचा आधार आहे. मुंबईत कामाठीपुऱ्यातील मुलांसाठी रात्र-निवारा चालविणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेने 1986 पासून मुलींच्या अपव्यापाराविरुद्ध काम केले. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यातून 1996 मध्ये उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही स्वतः या व्यवसायातील स्त्रियांची संघटना. कायद्याचा जाच दूर करावा, अशी तिची मागणी आहे. एका संस्थेसमोर प्रामुख्याने अजाण मुली आणि मुले होती, दुसरीसमोर प्रौढ स्त्रिया. वादात हा फरक बहुधा विसरला जातो. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र तो विचारावाच लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये नेमका तो विचारला. मालाड येथील कारवाईत ‘सुटका’ झालेल्या तीन प्रौढ स्त्रियांना दंडाधिकाऱ्यांनी एक वर्ष सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार असून तिच्या इच्छेविरुद्ध तिला अडकवून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. सुटका केलेल्या व्यक्तीनेच मोकळे होण्यासाठी न्यायालयात जावे, हा प्रकार विचार करायला लावणारा आहे.

19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही काही निर्देश दिले. पोलिसांनी सन्मानाने वागावे, स्वतःच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात असलेल्या प्रौढ स्त्रियांची प्रकरणे तपासावीत, निरोध जवळ सापडणे हा अपराधाचा पुरावा मानू नये, हे त्यांतील प्रमुख होत. कारवाईच्या वेळी या स्त्रियांना अटक करू नये, ही शिफारस मात्र केंद्र शासनाने आक्षेप घेतलेल्या शिफारशींपैकी होती. ती त्याच दिवशी बंधनकारक झाली, हा समज बरोबर नाही.

आधारपत्राविषयीचा निर्देश कार्यालयांच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. निवासाचा पुरावा नसल्यास राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या विहित प्रमाणपत्रावर ते मिळू शकते. त्यात व्यवसायाची ओळख पटेल अशी कोणतीही खूण असू नये, असे बंधन आहे. टाळेबंदीच्या काळात अशा कागदांअभावीच अनेक स्त्रिया शिधापत्रिकेपासून वंचित राहिल्याचे दिसून आले. त्या वेळी, ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 या महिन्यांसाठी, राज्य शासनाने त्यांना दरमहा 5,000 रुपये आणि शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी 2,500 रुपये साहाय्य मंजूर केले होते.

गावपातळीवरील व्यक्तींचाही या कायद्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. झडतीच्या वेळी परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात व त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. सुटका झालेल्या व्यक्तीची चौकशी करताना दंडाधिकारी पाच जाणत्या व्यक्तींचे मंडळ साहाय्यास बोलावू शकतात; त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात, असे कलम 17 सांगते. शिक्षिका किंवा पंचायत सदस्या यांना असे बोलावणे आल्यास त्या स्त्रीचे वय काय, ती स्वेच्छेने तेथे होती काय आणि तिला आता कोठे जावयाचे आहे, हे तीन प्रश्न प्रथम विचारावयाचे असतात. कायदेविषयक मोफत साहाय्यासाठी कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरेसा होतो.