ग्रामसभेचा ताळेबंद

अकोल्याहून खांडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर धूळघाट ओलांडल्यावर तुकईथड हे स्थानक लागे. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याचा, मेळघाटच्या रानाजवळचा हा मुलूख. हिंदी, मराठी, निमाडी, कोरकू अशा भाषा येथे कानी पडतात. कानडी आणि मराठी दोन्हींत वाढलेल्या आपणांस यात नवल वाटू नये. वर्गात आपण ताळेबंद जुळवतो; पण त्याचा खरा अर्थ अशा गावांच्या ग्रामसभेत कळतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

निवडून येते ती पंचायत. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतील सर्व गावकरी. कंपनीच्या भाषेत सांगायचे तर पंचायत हे संचालक मंडळ आणि ग्रामसभा ही भागधारकांची सर्वसाधारण सभा. फरक एवढाच, की येथे प्रत्येकाचा भाग सारखा असतो. शिवाय भागधारक शेअर विकून मोकळा होतो. गावकऱ्याला गावची विहीर विकून मोकळे होता येत नाही!

खकनार विकासखंड अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रांसाठी 1996 साली 'पेसा' कायदा झाला. मध्य प्रदेशाने त्याचे नियम 15 नोव्हेंबर 2022 रोजी लागू केले. या कायद्यानुसार विकासाची योजना हाती घेण्याआधी पंचायतीला ग्रामसभेची मंजुरी लागते. पैसा खर्च झाल्यावर विनियोगाचे प्रमाणपत्रही ग्रामसभाच देते. म्हणजे अंदाजपत्रक मंजूर करणारा आणि हिशेब तपासणारा, दोन्ही गावकरीच.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2019 मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील 1,01,905 ग्रामीण घरांपैकी 37,241 घरांत, म्हणजे सुमारे 37 टक्के घरांत नळ होता. जुलै 2022 मध्ये 'हर घर जल' असे प्रमाणित झालेला हा देशातील पहिला जिल्हा ठरला. हे प्रमाणपत्र वरून आले नाही. 254 गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले. 'आमच्या घरी पाणी येते' हे ज्याच्या घरी घागर भरते त्यानेच सांगायचे, हे त्यातील मर्म.

मात्र हिशेब येथे संपत नाही. नळ बसवणे हा भांडवली खर्च. पंपाचे वीजबिल, चालकाचे मानधन, दुरुस्ती हा दर महिन्याचा महसुली खर्च. त्यासाठी पाणीपट्टी किती आणि ज्याला परवडत नाही त्याचे काय, हे ठरवायचे तेही चारचौघांत बसूनच. आणि भूजल ही तर गावाची मुद्दल. पावसाने जेवढे मुरते तेवढे व्याज. उपसा त्याहून वाढला, की आपण मुद्दल खाऊ लागतो. मग नळ राहतो, पाणी जाते. म्हणून झाडे, बांध, तलावांतील गाळ हे विषय पाणीपट्टीच्याच सभेत यायला हवेत.

कोणत्याही सभेत एक धोका असतोच. सभा न भरताच वहीत सह्या होऊ शकतात. ठराव एका भाषेत लिहिला जातो आणि ऐकणाऱ्या आजीबाईंची भाषा दुसरी असते. न कळलेल्या ठरावावरचा अंगठा म्हणजे कोऱ्या धनादेशावरची सही. अशा वेळी ठराव दोन्ही भाषांत वाचून दाखवणारा एखादा विद्यार्थी गावाच्या फार उपयोगी पडेल.

मित्रहो, वयाची अठरा वर्षे पूर्ण करून गावच्या यादीत नाव नोंदवलेले आपण सारे ग्रामसभेचे सभासद आहोत. सुटीत घरी जाल तेव्हा पुढची सभा केव्हा आहे, एवढे तरी विचारा. आणि गेल्यावर जमाखर्चाची वही मागा. ती वाचायला तर आपण शिकतो आहोत!