लग्नातला पाच मजली केक: खरा किती, थर्माकोल किती आणि ही पद्धत आली कुठून?

रावेत, पुनावळे, ताथवडे. हायवेलगतच्या या पट्ट्यात कुठल्याही लॉनवर रिसेप्शनला गेलात तर एक सीन हमखास दिसतो. सकाळी अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी सगळं रीतसर झालेलं असतं. संध्याकाळी स्टेजवर ट्रॉलीवरून पांढराशुभ्र पाच मजली केक येतो. नवरा-नवरी मिळून सुरी फिरवतात, एकमेकांना घास भरवतात आणि रील शूट होतं.

रील फिरायला लागलं की कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "हे आपल्या संस्कृतीत कुठे होतं?" दुसरा म्हणतो, "त्यांचं लग्न, त्यांचे पैसे, तुम्हाला काय?" या भांडणात पडण्याआधी हा केक नक्की कुठून आला ते बघू.

सुरुवात केकने नाही, धान्याने झाली

प्राचीन रोममधल्या खानदानी घराण्यांत लग्नाचा एक खास विधी होता, कॉन्फारेआशिओ. त्यात गव्हाच्याच कुळातल्या एका जुन्या धान्याची भाकरी ज्युपिटर देवाला वाहिली जायची. विधीचं नावही त्या धान्यावरूनच पडलं.

पुढे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये नवरी सासरच्या उंबऱ्यावर आली की तिच्या डोक्यावर ओटची पोळी किंवा बिस्किटासारखा केक मोडायचे. घरात भरभराट व्हावी, मुलंबाळं व्हावीत हा त्यामागचा भाव. आपल्याकडे अक्षता टाकतात, उंबऱ्यावर तांदळाचं माप ओलांडायला लावतात. धान्य वेगळं, पण मागणं तेच.

मग तो पांढरा कधी झाला?

१७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्लिश बाईंनी आपल्या पाककृतींच्या पुस्तकात 'ब्राइड केक'ची कृती छापली. सुकामेव्याचा जड केक, त्यावर बदामाचा थर आणि त्यावर पांढरं आयसिंग. तेव्हा स्वच्छ पांढरी साखर महाग होती. त्यामुळे केक जितका पांढरा तितकं घर श्रीमंत, असा हिशेब. पांढरा रंग म्हणजे नवरीचं पावित्र्य, हा अर्थही त्याला जोडला गेला.

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३५ किलोच्या आसपास होता. राजघराण्याने केलं की फॅशन होणारच. १८५८ मध्ये तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नातला केक मजल्यांचा होता, पण खरा केक फक्त तळाला. वरचं सगळं साखरेचं बांधकाम. म्हणजे दिखाव्याचे मजले ही काही आपल्या लॉनवाल्यांची आयडिया नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर कहर झाला. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग आलं, १९४० मध्ये केकवर आयसिंग करण्यावर बंदी आली. मग लोकांनी पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे खोटे केक भाड्याने आणले. आत छोटासा साधा केक, बाहेर पुठ्ठा, फोटोत सगळं झकास!

दोघांनी मिळून कापायचं का?

आधी केक एकटी नवरी कापायची. पण मजल्यांचं वजन पेलायला आयसिंग इतकं टणक करावं लागायचं की तिला नवऱ्याचा हात लागायला लागला, असं सांगितलं जातं. नंतर तोच 'संसारातलं पहिलं काम दोघांनी मिळून' असा अर्थ झाला.

आणि ते तलवारीने केक कापणं? पाश्चिमात्य देशांत लष्करी अधिकाऱ्यांच्या लग्नात तशी प्रथा आहे. पण पिंपरी-चिंचवडमध्ये हौसेने करायला जाऊ नका. इथे वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झालेत.

आपल्याकडे काय होतं?

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत केक कापतातच. पण त्याआधी नवरीच्या घरून 'वजें' जातं, म्हणजे आपलं ओझं. त्यात दोदोल, केळी आणि रवा-खोबऱ्याचा 'बोल' असतो. तो सासरी शेजारीपाजारी वाटला जातो. युरोपातून केकची कल्पना आली, पण नारळ मात्र इथलाच.

आता मराठी घरातलं बघा. लग्न ठरलं की होतो तो 'साखरपुडा'. नावातच साखर! लग्नात नवरीकडचे 'रुखवत' मांडतात: लाडू, करंज्या, भल्यामोठ्या चकल्या, साखरेची आणि कागदाची कलाकुसर. रुखवत हे खाण्याइतकंच बघण्यासाठी असतं. आणि नाव घेऊन घास भरवणं तर आहेच. म्हणजे गोड खाऊ घालून नातं पक्कं करणं आणि चार लोकांना कौतुकाने दाखवणं, ही दोन्ही कामं आपल्याकडे होतीच. केकने ती फक्त एका ट्रॉलीवर आणली.

ऑर्डर देण्याआधी काय विचारायचं?

खरा प्रश्न संस्कृतीपेक्षा खिशाचा आहे. मजल्यांच्या केकमध्ये बऱ्याचदा एक-दोनच थर खरे असतात, बाकी थर्माकोलवर आयसिंग. त्यात फसवणूक नाही, तुम्हाला आधी सांगितलं असेल तर! म्हणून हे विचारा:

- खरे मजले किती आणि पैसे कशाचे? किलोचा दर खऱ्या केकलाच लागला पाहिजे, डमीचा खर्च वेगळा लिहून घ्या.
- पाहुण्यांना पुरेल का? ५०० जणांना ५० ग्रॅमचा तुकडा द्यायचा तरी २५ किलो केक लागतो. एवढा केक वेगळा, साधा, विना सजावटीचा घेतला तर स्वस्त पडतो.
- एगलेस म्हणजे आयसिंगसकट एगलेस का? रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो.
- मे महिन्यात उघड्या लॉनवर क्रीम टिकेल का? केक किती वाजता येणार ते ठरवून घ्या.
- घरगुती बेकरकडून घेताय? एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर मागा.

केक कापायचा की नाही हे दोन्ही घरांनी बसून ठरवावं. पण मुलीकडच्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणून कर्ज काढून पाच मजले चढवू नयेत. एक किलोचा केक कापला तरी घास तेवढाच गोड लागतो.