मेलेल्या सैनिकाला पगार लागत नाही

स्ट्रॅटेजी गेममध्ये नवी फॅक्शन आणणारे एक्स्पान्शन बाजारात येते, तेव्हा त्याच्या जाहिरातीत नवा राजा, नवी शस्त्रे आणि नवे राक्षस झळकतात. फॅक्शन म्हणजे खेळाडू ज्याच्या बाजूने खेळतो ते राज्य किंवा ती जमात. मूळ गेम आधीच विकत घेतलेल्या माणसाने एका जादा बाजूसाठी पुन्हा पैसे का मोजावेत, हा साधा आणि रास्त प्रश्न आहे. जाहिरातीतल्या चित्रांतून त्याचे उत्तर मिळत नाही. नवी फॅक्शन पैसे मोजण्यालायक ठरायची असेल तर तिने मूळ खेळाचा एखादा पायाभूत नियम बदलला पाहिजे, आणि त्या बदलाचे कारण त्या काल्पनिक जगाच्या कथेतूनच निघाले पाहिजे. या दोन्ही कसोट्यांना उतरणारे एक उत्तम उदाहरण म्हणजे जानेवारी 2018 मध्ये आलेले ‘राइज ऑफ द टूम्ब किंग्ज’.

हे एक्स्पान्शन ‘टोटल वॉर: वॉरहॅमर 2’ या गेमचे. गेम बनवला इंग्लंडमधल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने. त्यातले जग मात्र गेम्स वर्कशॉपचे, 1983 पासून टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळल्या जाणाऱ्या वॉरहॅमरचे. त्या जगात प्राचीन इजिप्तची आठवण करून देणारा नेहेखारा नावाचा वाळवंटी देश आहे. तिथल्या राजांना अमरत्व हवे होते. पुरोहितांनी त्यांची प्रेते मसाले भरून जपली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सैन्यही पुरले. पुढे नागाश या मांत्रिकाच्या महामंत्राने सारे जागे झाले, पण सोनेरी देहांऐवजी वाट्याला आले सांगाडे आणि ममी. हेच टूम्ब किंग्ज; खेम्री शहराचा सम्राट सेट्रा हा या फॅक्शनचा मुख्य नायक.

आता या कथेतून नियम कसा निघाला ते पाहू. टोटल वॉरमध्ये खेळाचे दोन भाग असतात. मोठ्या नकाशावर टर्न घेत राज्य चालवायचे, शहरे बांधायची, सैन्य उभारायचे. आणि दोन सैन्ये भिडली की प्रत्यक्ष रणांगणावर त्यांना हुकूम द्यायचे. बहुतेक फॅक्शनना तुकडी भरती करायला पैसे पडतात आणि नंतर दर टर्नला ती पोसावी लागते. त्यामुळे खेळाडूच्या डोक्यात सतत एकच हिशेब चालतो: आणखी एक सैन्य परवडेल का? टूम्ब किंग्जनी हा हिशेबच काढून टाकला. मेलेल्या सैनिकाला पगार लागत नाही आणि भाकरीही लागत नाही, म्हणून इथे भरती फुकट आणि पोसण्याचा खर्च शून्य. पण साध्या सांगाड्यांच्या पुढची, म्हणजे रथांची किंवा उशाब्टी नावाच्या चालत्या दगडी मूर्तींची तुकडी हवी असेल, तर त्या त्या प्रकाराच्या तुकड्या किती ठेवता येतील याला मर्यादा असते. ती वाढवायला शहरात विशिष्ट इमारत बांधावी लागते. एकूण सैन्ये किती असावीत यालाही मर्यादा आहे. संशोधन करून एकेक जुना राजवंश जागा केला की ती वाढते. तिजोरीत पैसा असूनही दुसरे सैन्य उभे करता येत नाही, अशा अवस्थेत सुरुवातीचे अनेक टर्न जातात. ‘परवडेल का’ या प्रश्नाच्या जागी ‘कोणाला आधी जागे करू’ हा प्रश्न येतो, आणि त्याच नकाशावर खेळाडू वेगळ्या रीतीने विचार करू लागतो.

रणांगणावरही तेच. जिवंत सैनिक धीर खचला की पळतात. सांगाडे पळत नाहीत, जागच्या जागी झिजून कोसळू लागतात. शिवाय आपल्या सैन्याची हानी एका ठरावीक टप्प्याला पोचली की मृतांच्या लोकातून शक्ती येऊन उरलेल्या तुकड्या सावरतात. म्हणजे नुकसान हेही डावपेचाचे साधन बनते: सांगाड्यांची फळी मोडू द्यायची, पण किती आणि केव्हा, हे ठरवण्यात कौशल्य आहे.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. कंपन्या मूळ गेममधूनच भाग कापून वेगळे विकतात, असे अनेक खेळाडू म्हणतात, आणि हा राग अनाठायी नाही. याच मालिकेत जुलै 2016 मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ द बीस्टमेन’ या अर्धपशू जमातीच्या एक्स्पान्शनवर किमतीच्या मानाने हाती फार थोडे पडते, अशी टीका झाली होती. पण त्या फॅक्शनचे पुढे काय झाले ते बोलके आहे. 2021 मध्ये क्रिएटिव्ह असेंब्लीने बीस्टमेनची घडीच नव्याने बसवली. त्यांच्याही सैन्याचा पोसण्याचा खर्च काढला, तुकड्यांवर मर्यादा घातली आणि ती वाढवायला ‘दहशत’ नावाचे चलन कमावण्याची अट ठेवली. जंगलात राहणाऱ्या, लुटीवर जगणाऱ्या कळपाला हा नियम शोभला. बोकडाच्या शिंगांची चित्रे तर पहिल्या दिवसापासून होती. त्या फॅक्शनला खरा जीव आला तो नियम बदलल्यावर.

दुसरा आक्षेप समतोलाचा. नियम मोडले की एखादी बाजू डोईजड होणार, ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच टूम्ब किंग्जना सुरुवातीला दुबळे सैन्य आणि संथ वाढ दिली आहे. तरीही खेळ बराच पुढे गेल्यावर त्यांची फुकट सैन्ये भारी पडतात, हे मान्य करायला हवे. मात्र एकट्याने खेळायच्या मोहिमेत काटेकोर समतोलापेक्षा प्रत्येक बाजूचा स्वभाव वेगळा जाणवणे जास्त महत्त्वाचे असते. बुद्धिबळात उंट आणि घोडा सारख्याच किमतीचे मानले जातात, पण त्यांची चाल एक केली तर खेळच निस्तेज होईल.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: मग वाटेल तो नियम मोडलेला चालेल का? चालणार नाही. 1999 मध्ये ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’च्या ‘आर्मागेडन्स ब्लेड’ या एक्स्पान्शनमध्ये फोर्ज नावाचे, यंत्रे आणि आधुनिक शस्त्रांचे शहर येणार होते. किल्ले आणि ड्रॅगनांच्या गेममध्ये हे उपरे वाटले, चाहत्यांनी जोरदार विरोध केला आणि निर्मात्यांनी ते रद्द करून कॉनफ्लक्स हे महाभूतांच्या जिवांचे शहर दिले. या मालिकेच्या एकूण कथेत यंत्रांना आधार होता, तरी खेळाडूंसमोर असलेल्या गेमने त्यांना त्यासाठी तयार केलेले नव्हते. नियम कितीही नवा असो, खेळाडूला तो ‘या जगात असेच असणार’ असा पटावा लागतो. टूम्ब किंग्जचा फुकट सैनिक लगेच पटतो, कारण तो मेलेला आहे.

म्हणून नवी फॅक्शन विकत घेण्यापूर्वी खेळाडूने ट्रेलरमधले राक्षस मोजत बसू नये. या बाजूने खेळताना मला कोणता निर्णय नव्याने घ्यावा लागेल, आणि तो का, एवढे त्याने विचारावे. याचे उत्तर एका वाक्यात देता येत असेल आणि त्या वाक्यातच त्या लोकांची गोष्ट सामावली असेल, तर पैसे सार्थकी लागतील. उत्तर केवळ नव्या तुकड्यांच्या यादीने द्यावे लागत असेल, तर मूळ गेमच पुन्हा खेळावा.