पिकअपचे स्पीकर बदलताना

आकार : दरवाजात बहुधा ६.५ इंची गोल किंवा ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर बसतो. खोलीही मोजावी, मोठे चुंबक खाली येणाऱ्या काचेला अडते.

रोध : बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. मूळ स्पीकरपेक्षा कमी रोधाचा स्पीकर जोडल्यास स्टिरिओवर जादा भार येतो.

शक्ती : खोक्यावरचा कमाल आकडा न पाहता आरएमएस वॅट पाहावेत. संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असल्यास तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते.

दरवाजा : पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवल्यास थरथर कमी होते आणि खर्ज भरीव ऐकू येतो.

सबवूफर : डिकी नसल्याने डबल कॅबमध्ये कमी उंचीचा सबवूफर मागच्या सीटखाली बसवतात. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज लावावा.