पेशीचा पडदा कापणारे प्रथिन आणि पाषाणची प्रयोगशाळा

डेअरीत दुधाच्या पिशव्या भरणारे यंत्र पाहिले असेल तर एक गोष्ट लक्षात येते. प्लास्टिकची लांब नळी दुधाने भरत जाते. यंत्र ठरावीक अंतरावर तिला दाबून चिकटवते आणि मग कापते. दोन्ही बाजू आधीच बंद झालेल्या असल्यामुळे दूध सांडत नाही. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी असेच काम रात्रंदिवस करत असते. फरक एवढाच, की तिथे पिशवी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी लहान असते आणि यंत्राच्या जागी एक प्रथिन असते. त्या प्रथिनाचे नाव डायनामिन.

हे प्रथिन पडदा नेमका कसा कापते, या प्रश्नाचे महत्त्वाचे काम पुण्यात, पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत म्हणजे आयसरमध्ये झाले आहे. तेथील पेशीशास्त्रज्ञ डॉ. थॉमस पुकाडयिल यांना २०१८ साली जीवशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी एका दिवसात जुनी होते. पण काम काय आहे आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

पेशीला पिशव्या कशाला लागतात?

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली साधी पिशवी, असे शाळेतील आकृतीवरून वाटते. प्रत्यक्षात ती एक गजबजलेले शहर आहे. आत तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया आहेत, गॉल्जी संकुल आहे, लयकारिका आहेत. यातील प्रत्येकाला स्वतःचा पडदा आहे आणि पेशीलाही बाहेरून पडदा आहे. हा पडदा स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा असतो आणि त्याची जाडी फक्त पाच नॅनोमीटरच्या आसपास असते. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड धरला, तर असे सोळा हजार पडदे एकावर एक ठेवावे लागतील.

मोठे रेणू हा पडदा थेट ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे पेशी पडद्याचाच एक भाग आत खेचते, त्याची वाटी करते, वाटीचे तोंड आवळते आणि तयार झालेली बारीक पिशवी आत सोडते. बाहेर काही पाठवायचे असेल तर उलट घडते. आतली पिशवी पडद्याला येऊन मिळते आणि माल बाहेर पडतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन असेच बाहेर येते. मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला असाच पोहोचतो.

ही वाहतूक किती मोठी आहे? जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर १९७६ साली झालेल्या एका अभ्यासात दिसले, की ही पेशी सुमारे अर्ध्या तासात आपल्या संपूर्ण पृष्ठभागाइतका पडदा आत ओढून घेते. तेवढाच पडदा परतही जातो, म्हणून पेशी लहान होत नाही.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते, याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे कोलेस्टेरॉल. रक्तातील 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण यकृताच्या पेशी याच मार्गाने आत घेतात. काही कुटुंबांत जन्मतःच ही उचल नीट होत नाही. कोलेस्टेरॉल रक्तातच साठते आणि तरुण वयात हृदयविकार गाठतो. हे कोडे उलगडणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. दुसरे उदाहरण धनुर्वाताचे. धनुर्वाताच्या जंतूचे विष चेतापेशीतील एक प्रथिन तोडते. त्यामुळे स्नायूंना आवर घालणारा निरोप असलेली पिशवी पडद्याला मिळू शकत नाही. निरोप अडकतो आणि स्नायू ताठ होतात.

माशी उन्हाने लुळी का पडली?

डायनामिनचे काम काय, याचा धागा एका फळमाशीने दिला. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांना अशा माश्या सापडल्या, ज्या साध्या तापमानाला ठणठणीत असत, पण तापमान तिशीच्या जवळ गेले की लुळ्या पडत. गारवा मिळाला की पुन्हा उडू लागत. या माश्यांना जपानी शब्दावरून 'शिबिरे' हे नाव पडले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की त्यांच्या चेतापेशींत पडद्याच्या वाट्या तयार होतात, पण तुटून सुटत नाहीत. मानेशी आवळलेल्या अवस्थेत त्या तशाच लटकून राहतात. १९९१ मध्ये कळले, की या माशीत बिघडलेले जनुक डायनामिनचेच आहे.

अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या अभ्यासात एका भारतीयाचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दीकी यांनी सीमूर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये अशा माश्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील 'कोमाटोज' नावाच्या माशीत बिघडलेले प्रथिन पिशव्यांच्या वाहतुकीतलेच निघाले. जेम्स रॉथमन यांनी तेच प्रथिन स्वतंत्रपणे वेगळे केले होते. पेशीतील वाहतुकीच्या कामासाठी रॉथमन यांना २०१३ चे नोबेल रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडोफ यांच्याबरोबर मिळाले.

काचेवरच्या नळ्या

माशीवरून एवढे कळले, की डायनामिन नसेल तर पिशवी सुटत नाही. पण डायनामिन स्वतः कापते की दुसऱ्या कापणाऱ्याला मदत करते? जिवंत पेशीत हजारो प्रथिने एकाच वेळी काम करतात. तिथे कोणाचे काम कोणते, हे ठरवणे कठीण असते. त्यावर उपाय एकच. पेशी बाजूला ठेवायची आणि मोजके घटक घेऊन तेच काम बाहेर घडवून दाखवायचे.

डॉ. पुकाडयिल यांनी हैदराबादच्या सीसीएमबीत पीएच.डी. केली. नंतर अमेरिकेत सँड्रा श्मिड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी याच दिशेने काम केले. २००८ मध्ये त्या दोघांनी डायनामिन कृत्रिम पडद्यातून पिशव्या सोडवते हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले. पुण्यात आल्यावर त्यांच्या गटाने यासाठी अधिक सोपी रीत तयार केली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही रीत अशी आहे. काचेच्या पट्टीवर एका पॉलिमरचा पातळ थर देतात. त्यावर चकाकणारा रंग मिसळलेले स्निग्ध पदार्थ सुकवतात. मग वरून द्रावण वाहू देतात. स्निग्ध पदार्थ फुगतात आणि प्रवाहाच्या दिशेने ओढले जाऊन काचेवर पडद्याच्या लांबच लांब बारीक नळ्या तयार होतात. पिशवीची मान जशी अरुंद असते, तशाच या नळ्या. आता त्यावर शुद्ध डायनामिन आणि पेशीतील जीटीपी नावाचा ऊर्जा देणारा रेणू सोडायचा आणि पाहत राहायचे. नळी जिथे बारीक होते तिथली चकाकी कमी होते, म्हणजे किती आवळली हेही मोजता येते.

दिसते ते असे. डायनामिनचे रेणू नळीभोवती स्प्रिंगसारखे वेटोळे घालतात. जीटीपी खर्च झाला की वेटोळे आवळते. मान इतकी अरुंद होते की पडद्याचे आतले थर एकमेकांना मिळतात आणि मग बाहेरचे. तुकडे वेगळे होतात तेव्हा दोन्ही तोंडे बंद झालेली असतात. दुधाच्या पिशवीसारखेच, आधी चिकटवणे आणि मग तोडणे.

या रीतीने इतर प्रथिनांचीही परीक्षा घेता आली. मायटोकॉन्ड्रियाचे विभाजन ड्रप-१ नावाचे प्रथिन एकटे करू शकत नाही, शेवटचा काप डायनामिन-२ देते, असे २०१६ मध्ये मांडले गेले होते. पुण्याच्या गटाने ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांबरोबर २०१८ मध्ये दाखवले, की ड्रप-१ एकटेही पडदा आवळू आणि कापू शकते. मोठ्या नियतकालिकात छापून आले म्हणून ते अंतिम ठरत नाही. कोणीही प्रयोग करून त्याला आव्हान देऊ शकते, आणि इथे ते आव्हान पुण्यातून गेले.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे, कारण हा पैसा जनतेचा आहे. डायनामिन-२ च्या जनुकात दोष असलेल्या काही लोकांचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. या आजारात प्रथिन कमी नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त काम करते, असे अभ्यासांतून दिसते. त्यामुळे ते वाढवायचे की कमी करायचे, हे कापण्याची क्रिया समजल्याशिवाय ठरवता येत नाही. डायनामिन-१ मधील दोषामुळे लहान मुलांना फेफऱ्याचे गंभीर आजार होतात. ड्रप-१ मधील दोषामुळे दगावलेल्या एका नवजात बाळाची नोंद २००७ मध्ये झाली.

लसीचेही तसेच. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए कोविड लसीला २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. अशा लशीतील स्निग्ध कण पेशी अशाच पिशवीतून आत घेते आणि त्यातून एमआरएनए निसटला तरच लस काम करते. एमआरएनए लशी काही महिन्यांत आल्या, पण त्यामागे पडद्यांवरचे अनेक दशकांचे काम होते.

आपल्या मुलांसाठी

बारावी विज्ञानानंतर आपल्या घरांत नीट आणि जेईई या दोनच परीक्षांची चर्चा होते. आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे, त्यासाठी आयएटी ही वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे राखीव जागा असतात, हे अनेक पालकांना माहीत नसते. संशोधन म्हणजे घरावर ओझे, हीही समजूत पक्की आहे. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. वाट लांब आहे, त्यानंतरच्या नोकरीची हमी नाही, हेही खरेच. पण माहितीच नसल्यामुळे ती वाट बंद राहू नये.

पुणे विद्यापीठापासून पाषाणची ही प्रयोगशाळा काही किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तर विद्यापीठाच्या आवारातच आहे. दहावी-बारावीतील मुलगा किंवा मुलगी पेशीची आकृती काढत बसली असेल, तर तिला एवढेच विचारा: ही पिशवी सुटते तेव्हा पेशी गळत का नाही? हा प्रश्न ऐकून जिला झोप येणार नाही, तिला आयएटीचा अर्ज भरायला सांगा.