कासव, दोन पेट्यांवरचं

जबलपुरात कमानिया गेटकडून सराफ्यात शिरलं की दुकानांच्या झगमगाटामागे कारागिरांच्या बैठका लागतात. तिथल्या एका मराठी कारागिरापुढे मी गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची माझी पेटी ठेवली, तेव्हा तो पोकळ तोड्यात लाख भरत होता. आचेवर धरलेली लाखेची कांडी मऊ होऊन ओघळते आणि निवली की घट्ट बसते. पेटी सावंतवाडीची, आईच्या माहेरून आलेली. वीतभर लांब, सरकत्या झाकणाची. मे महिन्यात मी ती गच्चीवरच्या खोलीत विसरले आणि झाकण खाचेत चिकटून बसलं. त्यानं कडेला नखानं हलकेच टोकरलं. म्हणाला, "ताई, ही लाखच आहे. हिला जबलपूरचं ऊन कसं सोसेल?"

लाख म्हणजे किड्याचं घर. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे इवलेसे किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळ स्रवतात. सिवनी-बालाघाटच्या जंगलपट्ट्यात ती फांद्यांवरून खरवडून गोळा करतात. तोडा आतून भरणारी लाख आणि सावंतवाडीच्या रंगांवर चमक चढवणारी लाख, दोघींचं मूळ एकच.

गंजिफा रंगवणारे सावंतवाडीचे चित्रकार म्हणजे चितारी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं, मग गोल पानं कापून रंगवायची. दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पानं. मोगली गंजिफा ९६ पानांचा. १५२७ साली बाबरानं सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. त्या दरबारी खेळाला आपल्याकडे अवतार मिळाले.

या पानांवर अक्षर नाही की आकडा नाही. चार मासे दिसले की मत्स्याची चौकडी, सात परशू दिसले की परशुरामाची सत्ती. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्यानं उतारी करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेल्यानं. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. हे सगळं डोक्यात ठेवून खेळणाऱ्या बायका आजोळी होत्या. अक्षरओळख नसलेली माणसंही हे चित्रांचं पुस्तक घडाघडा वाचत. विसाव्या शतकात छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडत गेला. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली, राजवाड्यातच कामाची बैठक सुरू केली आणि नवे हात तयार केले. राणीसाहेब २०१८ मध्ये गेल्या. त्यांनी केलेलं हे काम मला किल्ला राखण्याइतकं मोठं वाटतं.

माझ्या पेटीच्या झाकणावर दहाही अवतार ओळीनं आहेत. त्यातलं कूर्माचं कासव पाहिलं की मला लाखकामाच्या जपानी पेटीवरचं कासव आठवतं. तिकडे कासव म्हणजे दहा हजार वर्षांचं आयुष्य आणि करकोचा म्हणजे एक हजार वर्षांचं. म्हाताऱ्या कासवाच्या पाठीला शेवाळ लोंबतं, ते तिकडचे कारागीर शेपटीसारखं लांब रंगवतात. पाइन, बांबू आणि प्लम एकत्र दिसले की ती मंगलखूण, आपल्या दारावरच्या आंब्याच्या डहाळीसारखी. १६३९ साली शोगुनची लेक चियोहिमे जेमतेम दोन वर्षांची असताना तिचं लग्न लागलं आणि तिच्या रुखवतात अशा सोनेरी नक्षीच्या पेट्यांचा संच गेला. तो आज नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे.

जपानी कलावंत होन्आमी कोएत्सूची लेखनपेटी मात्र मला सगळ्यांत थोर वाटते. तिच्या घुमटासारख्या झाकणावर एक जुनी कविता उमटली आहे, पण 'होड्यांचा पूल' हे शब्द गाळलेले. त्यांच्या जागी शिशाचा काळपट पट्टा आडवा घातला आहे. तोच पूल. पाहणाऱ्यानं तो वाचायचा आणि ओळ पुरी करायची.

त्यांची लाख मात्र वेगळी. उरुशी नावाच्या झाडाला चीर देऊन काढलेला तो चीक. कच्चा असताना अंगाला लागला तर फोड येतात. तो उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. म्हणून प्रत्येक पातळ थरानंतर पेटी ओलसर कपाटात ठेवायची, घासायची, पुन्हा थर द्यायचा. थर ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड शिंपडायची. 'माकी-ए' म्हणजे शिंपडलेलं चित्र. एकदा घट्ट झालेली उरुशी आचेनं वितळत नाही. पण आमच्या मे महिन्यात तीही सुखी राहणार नाही. कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसतं आणि वरचा थर तडकतो.

कारागिरानं पातळ पातं कोमट केलं आणि श्वास रोखून खाचेतून फिरवलं. झाकण सरकलं. कडेचा बोटभर लांब तांबडा थर सुटून खाली लाकूड दिसायला लागलं. मी म्हटलं, तेवढं रंगवून द्या. त्यानं मान हलवली. "चिताऱ्याच्या हाताशेजारी माझा हात नको, ताई. खाचेत मेणबत्ती फिरवा आणि पेटी खालच्या खोलीत ठेवा."

घरी येऊन पानं सतरंजीवर ओळीनं लावली. १२०च्या १२० भरली. कासवाच्या राजाच्या कडेला बोटांनी झिजलेला डाग आहे. तिथं आजीचा अंगठा पडत असे.